पाच्छापूरचा पाहुणा



माझी ओळख करून देताना अध्यक्षांनी 'इतिहासाचे अभ्यासक' असा शब्द वापरला. तो त्यांच्या मनाचा मोठेपणा. मी रोह्याचा कामगार माणूस. आठवीत शाळा सुटली, धाटावच्या कारखान्यात मदतनीस म्हणून लागलो आणि पुढे युनियनच्या कामात पडलो. वाचायला शिकलो तो संपाच्या दिवसांत, कारण संपात कामगाराला वेळ फार आणि खिशात पैसे नसतात, आणि वाचनालयाची वर्गणी चहापेक्षा स्वस्त पडते. तेव्हा मी जे सांगणार ते पंडिताचे संशोधन नव्हे. पंडितांनी खणून काढलेले, एका कामगाराने आपल्या अनुभवाच्या उजेडात वाचलेले असे काही आहे, एवढेच समजावे.

विषय इमानाचा आहे आणि पत्रांचा आहे. गोष्ट दिल्लीची, अजमेरची, जयपूरची. पण तिचा मधला भाग आपल्या अंगणात घडला. आपण पेणहून महामार्गाने दक्षिणेला निघालो की वडखळ, नागोठणे मागे टाकून वाकणचा फाटा लागतो. तिथून पालीला जायचे. आम्ही रोहेकर भिसे खिंडीतून नागोठण्याकडे उतरतो आणि त्याच रस्त्याला मिळतो. पालीच्या पुढे सुधागड. गडाच्या पायथ्याशी धोंडसे हे गाव आणि पाच्छापूर हे गाव. गडावर जाणारी तरुण मुले पाच्छापुरात उतरतात, चहा पितात आणि वर चढू लागतात. या नावाचा अर्थ काय, हे फारसे कोणी विचारत नाही. पाच्छापूर म्हणजे पातशहापूर. १६८१ साली इथे एक माणूस येऊन राहिला होता. तो स्वतःला हिंदुस्थानचा बादशहा म्हणवीत होता, आणि त्याचा बाप औरंगजेब त्याच्या मागावर होता.

हा शाहजादा अकबर. तो औरंगाबादेत १६५७ साली जन्मला. आपले संभाजीराजेही १६५७ चेच. म्हणजे दोघे बरोबरीचे, आणि १६८१ साली दोघांचेही वय चोविसाच्या आसपास. अकबराची आई दिलरासबानू त्याच्या जन्मानंतर महिन्याभरात वारली. औरंगाबादचा बीबी का मकबरा तिचाच.

आता हा मुलगा बापाच्या विरुद्ध का उठला? त्यासाठी मारवाडात जायला हवे. जोधपूरचा राजा जसवंतसिंह १६७८ च्या अखेरीस वायव्य सरहद्दीवर जमरूदला वारला. मागे वारस नव्हता. त्याच्या राण्या गरोदर होत्या आणि १६७९ च्या फेब्रुवारीत लाहोरला त्यांना मुलगे झाले. त्यांतला अजितसिंह वाचला. बादशहाने तोवर जोधपूरचे राज्य खालसा करून टाकले होते. दिल्लीत या तान्ह्या मुलाभोवती पहारे बसले. तेव्हा राठोड सरदारांनी त्या मुलाला वेढ्यातून बाहेर काढले, आणि मागे राहिलेल्या राठोडांनी दिल्लीच्या रस्त्यांत पाठलाग अडवून धरत आपले प्राण वेचले. या सगळ्यांचा म्होरक्या दुर्गादास राठोड. दुर्गादास राजा नव्हता, राजाचा भाऊबंदही जवळचा नव्हता. जसवंतसिंहाच्या आसकरण नावाच्या कारभाऱ्याचा तो मुलगा. अंगात बळ, हातात तलवार आणि पदरात एक तान्हे मूल, एवढीच त्याची दौलत. त्या मुलाच्या नावाने त्याने पुढे अठ्ठावीस वर्षे लढाई केली.

या राठोडांचा आणि मेवाडच्या राणाचा बंदोबस्त करायला बादशहाने आपला मुलगा अकबर पाठवला. अकबराला यश येईना. बापाच्या रागाची पत्रे येऊ लागली. इकडे राजपूत त्याला सांगू लागले, की तुझा बाप आम्हांला दुखवून तुझ्या घराण्याचे तख्त पोखरतो आहे. तू आमच्याकडे ये, आम्ही तुला तख्तावर बसवतो. जानेवारी १६८१ मध्ये अकबराने स्वतःला बादशहा म्हणून जाहीर केले आणि राजपुतांसह तो अजमेरवर चालून गेला.

अजमेरला औरंगजेबापाशी त्या वेळी फौज थोडी होती. अकबर झपाट्याने गेला असता तर हिंदुस्थानचा इतिहास काय झाला असता, हे सांगायला मी ज्योतिषी नाही. पण तो झपाट्याने गेला नाही. वाटेत दिवस गेले, आणि तेवढ्या दिवसांत बापाची माणसे चहूकडून येऊन मिळाली. शेवटी दोन्ही छावण्या समोरासमोर पडल्या. उद्या सकाळी लढाई. ही रात्र मला जरा सावकाश सांगायची आहे.

अकबराचा उजवा हात तहव्वुरखान. त्याची बायकामुले बादशहाच्या छावणीत अडकलेली. बादशहाने त्याच्या सासऱ्याकडून त्याला पत्र लिहवले, की परत ये, नाही आलास तर तुझ्या घरच्यांची धडगत नाही. तहव्वुरखान रात्री गुपचूप निघाला आणि बादशहाच्या डेऱ्याच्या दारातच मारला गेला. पहिले पत्र हे असे, सरळ धमकीचे. त्यात फारशी अक्कल लागत नाही.

दुसरे पत्र मात्र औरंगजेबाच्या बुद्धीचे होते. ते त्याने अकबराच्या नावाने लिहिले. मजकूर साधारण असा: शाबास बेटा, आपले ठरल्याप्रमाणे तू या राजपुतांना भुलवून इथवर आणलेस. आता उद्या त्यांना पुढे घाल, म्हणजे पुढून मी आणि मागून तू, मधल्यामध्ये यांचा चुराडा करू. आणि हे पत्र त्याने अकबराला मिळेल असे पाठवलेच नाही. ते दुर्गादासाच्या हाती पडेल अशी व्यवस्था केली.

गुप्त पत्राबद्दल आपली कल्पना अशी, की ते शत्रूच्या हाती पडू नये. म्हणून आपल्याकडे करपल्लवी आली, नेत्रपल्लवी आली. म्हणून पत्रात मुद्द्याचे लिहायचेच नाही आणि शेवटी 'बाकी मजकूर मुखजबानी सांगतील' असे लिहून जासुदाच्या पोटात खरे पत्र घालायचे. पानिपताची बातमी दक्षिणेत आली ती सावकारी भाषेत, मोती, मोहरा आणि खुर्दा यांचा हिशेब लिहून, हे तर शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. आम्हीही मोबाईल नव्हते त्या काळात युनियनच्या चिठ्ठ्यांत 'शनिवारी मुलगी बघायला यावे' असे लिहीत असू. म्हणजे शनिवारी गेटवर सभा. एकदा एक कामगार खरोखरच नवी टोपी घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन आला होता.

औरंगजेबाचे पत्र याच्या अगदी उलट. ते पकडले जावे म्हणूनच लिहिलेले. त्यातले गुपित खोटे, आणि ते गुपित आहे एवढ्याच कारणाने ते खरे वाटणार. माणूस तोंडावर सांगितलेल्या गोष्टीवर शंका घेतो, पण चोरून वाचलेल्या गोष्टीवर पटकन विश्वास ठेवतो. बादशहाला माणसाचा हा स्वभाव नेमका ठाऊक होता.

दुर्गादासाने पत्र वाचले. त्याने काय केले ते नीट ऐका. तो थेट अकबराच्या डेऱ्यावर गेला, खुलासा विचारायला. डेऱ्यावरच्या खोजांनी सांगितले, शाहजादे निजले आहेत, उठवायचा हुकूम नाही. मग त्याने तहव्वुरखानाकडे माणूस पाठवला. तर तहव्वुरखान नाहीसा झालेला, बादशहाकडे गेलेला. एक दार बंद, दुसरे घर रिकामे. दुर्गादासाचा संशय खात्रीत बदलला. पहाटेच्या आधीच राजपुतांनी घोड्यांवर जीन चढवले आणि ते निघून गेले. सकाळी अकबर उठला तो त्याच्याभोवती काही शेकडा स्वार उरलेले. कालचा बादशहा आज बायकामुले घोड्यावर घालून जीव घेऊन पळू लागला.

इथे मला थोडे माझे बोलायचे आहे. ते न बोलता पुढे गेलो तर मी या व्यासपीठावर खोटा ठरेन.

१९९७ सालची गोष्ट. मी ज्या कारखान्यात होतो तिथे संप चालू होता. कारखान्याचे नाव घेत नाही, आता तो त्या मालकाकडे राहिलेलाही नाही. आमचे पुढारी एक वयस्कर गृहस्थ होते, आम्ही त्यांना आबा म्हणत असू. संपाच्या सहाव्या आठवड्यात एका रात्री माझ्या हाती एका पत्राची झेरॉक्स आली. आबांनी मॅनेजरला लिहिलेले पत्र, खाली आबांची सही. महिनाअखेरपर्यंत मी मंडळींना बाहेर ठेवतो, मग जुन्या माणसांचा हिशेब करून कंत्राटी माणसे घ्यावीत, असा त्यात मजकूर. आम्ही चौघे जण रात्री साडेअकराला आबांच्या दारात उभे राहिलो. त्यांच्या मंडळींनी दार किलकिले करून सांगितले, ताप आहे, गोळी घेऊन झोपलेत, सकाळी या. आम्ही एकमेकांकडे पाहिले. एक जण म्हणाला, 'झोपणारच, त्यांचं काम झालं.' आणि आम्ही परत फिरलो. सकाळी पहिल्या पाळीला मी स्वतः साठ माणसे घेऊन गेटातून आत गेलो. संप मोडला. अकरा जणांना पुन्हा कामावर घेतले नाही. आबा त्यांतले पहिले. पुढे दीड वर्षाने ऑफिसातल्या एका टंकलेखकाने, नोकरी सोडताना, मला सांगितले की ते पत्र त्याच्याकडूनच टंकवून घेतले होते, आणि सही रजेच्या एका जुन्या अर्जावरून उचललेली होती.

म्हणून अजमेरच्या त्या रात्रीचे वर्णन मी पहिल्यांदा सर जदुनाथ सरकारांच्या आधाराने लिहिलेल्या एका पुस्तकात वाचले, तेव्हा पुस्तक मिटून बाजूला ठेवावे लागले. शाहजादे निजले आहेत. उठवायचा हुकूम नाही.

पण माझ्यात आणि दुर्गादासात फरक आहे, आणि तो आकाशपाताळाचा आहे. दुर्गादासाला थोड्याच दिवसांत कपट उमगले. उमगल्याबरोबर तो मागे फिरला. ज्याला आपण टाकून आलो, त्याचा शोध घेऊन त्याने त्याला पाठीशी घातले. अकबरापाशी आता ना फौज, ना खजिना. त्याला जवळ करण्यात फायदा काही नव्हता. बादशहाच्या रोषाची खात्री मात्र होती. उत्तरेत त्याला कुठे ठेवायची सोय राहिली नाही, तेव्हा दुर्गादासाने ठरवले की सह्याद्रीत संभाजीराजांकडे न्यायचे. बादशाही ठाणी चुकवीत, खोट्या दिशा दाखवीत, मे महिन्यात त्यांनी नर्मदा ओलांडली, बऱ्हाणपूर आणि बागलाणच्या बाजूने ते खाली उतरले आणि पावसाच्या तोंडावर आपल्या या मुलखात आले. अजितसिंह अजून दोन वर्षांचा, मारवाडात लपवलेला. त्याला विश्वासू हातांत ठेवून हा माणूस परक्या मुलखात एका बुडालेल्या शाहजाद्याबरोबर आला, ते आपल्या हातून झालेली एक चूक निस्तरायला, असे मला वाटते. इतिहासकार म्हणतील, राजकारणही होते. होतेच. पण नुसत्या राजकारणासाठी माणूस इतके हाल काढत नाही.

इकडे आपल्या राज्यातही घरचे भांडण नुकतेच कुठे विझत होते, आणि निखारे अजून होते. शिवाजीमहाराज ३ एप्रिल १६८० ला गेले. राणी सोयराबाई, अण्णाजी दत्तो आणि इतर काही मंत्र्यांनी दहा वर्षांच्या राजारामाला गादीवर बसवले आणि पन्हाळ्यावर असलेल्या संभाजीराजांना कैद करायचा बेत केला. तो बेत मोडला हंबीरराव मोहित्यांनी. हंबीरराव हे सोयराबाईंचे सख्खे भाऊ. राजाराम त्यांचा भाचा. भाचा गादीवर बसला असता तर मामाचा दरारा केवढा वाढला असता! पण सरसेनापती थोरल्या मुलाच्या बाजूने उभा राहिला आणि पन्हाळ्याकडे निघालेल्या मंत्र्यांनाच त्याने धरले. रक्ताच्या नात्यापलीकडचे इमान कोणते, असे कोणी विचारले तर मी हे नाव सांगतो. जानेवारी १६८१ मध्ये रायगडावर संभाजीराजांचा राज्याभिषेक झाला, आणि त्याच सुमारास तिकडे अजमेरला अकबराचे दैव फिरत होते. संभाजीराजांनी कट करणाऱ्यांना क्षमा करून पुन्हा कामे दिली.

अशा वेळी हा पाहुणा आला. त्याच्या स्वागताला पुढे गेलेल्यांत हिरोजी फर्जंद होता. आग्र्याला महाराजांच्या पलंगावर त्यांचा शेला पांघरून निजला तो हिरोजी. पाहुण्याची सोय सुधागडाच्या पायथ्याशी केली. वर गड, मागे सह्याद्रीची भिंत, घाटावर जायला सवाष्णीची वाट, खाली आंबा नदीचे खोरे. पाहुण्याला सुरक्षित ठेवायला आणि पाहुण्यावर नजर ठेवायलाही यासारखी दुसरी जागा नव्हती. दिल्लीच्या महालात वाढलेल्या त्या तरुणाने आपला कोकणचा पाऊस पहिल्यांदा पाहिला तो या गवती छपराखाली. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत संभाजीराजे त्याला भेटले नाहीत.

का भेटले नाहीत? त्यांना वाटले असणार, हेही बापाचेच एखादे कपट नसेल कशावरून? ज्या बापाने एका पत्राने फौज उधळली, तो मुलाला आमिष म्हणून कशावरून पाठवणार नाही? शिवाय संभाजीराजे स्वतः १६७८ साली रुसून दिलेरखानाकडे गेले होते आणि वर्षभराने परत आले होते. बापावर रुसून शत्रूकडे गेलेल्या मुलाचे मन काय असते, हे या जगात त्यांच्याइतके कोणाला कळणार होते?

आणि याच पावसाळ्यात पाच्छापुरात एक पत्र आले. ते पत्र रायगडच्या असंतुष्ट मंडळींचे होते. अण्णाजी दत्तो, सोयराबाई आणि त्यांच्याबरोबरची माणसे पुन्हा कारस्थानात पडली होती. बादशहाजाद्याने आपल्याला हात द्यावा, संभाजीचा काटा काढावा, मग राज्यात त्याचा वाटा ठेवू, असा एकूण डाव. ही बातमी मुंबईच्या इंग्रज वखारवाल्यांच्या त्या वर्षीच्या पत्रव्यवहारात आली आहे, आणि तीत असे आहे की अकबराने रुकार दिला नाही, उलट तडक संभाजीराजांना कळवले.

अकबराची अवस्था काय होती पाहा. यजमान तीन महिने भेटलेला नाही. खर्चाची ओढाताण. पावसाने जीव विटलेला. समोरून राज्यातले वजनदार लोक हात पुढे करतात. खुद्द बापाशी बेइमान झालेला हा मुलगा; त्याने आणखी एक बेइमानी केली असती तर कोणाला आश्चर्य वाटले असते? पण शेजारी दुर्गादास होता. त्याचाच सल्ला पडला असावा, असे म्हणतात, आणि मला ते पटते. खोट्या पत्राने एकदा पोळलेला माणूस होता तो. या वेळी पत्र हाती आल्यावर त्याने रात्रीच्या रात्री घोडे जोडले नाहीत. ज्याच्याविषयी ते पत्र होते, त्यालाच ते कळवले.

त्यानंतर जे झाले ते सुधागडच्या परिसरात झाले आणि ते कटू आहे. अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद, चिटणीस बाळाजी आवजी, त्यांचा मुलगा, आणखी काही जण यांना हत्तीच्या पायी दिले. बाळाजी आवजींची अखेर औंढे गावाजवळ झाली असे परंपरा सांगते. महाराजांच्या काळातली मोठमोठी पत्रे ज्या हाताने लिहिली तो हा हात. त्यांचा अपराध किती आणि संशय किती, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. त्यांना शिक्षा देण्यात घाई झाली, असे येसूबाईंनी राजांना स्पष्ट सुनावले, असे चिटणीस घराण्याची बखर सांगते. घराण्याची बखर घराण्याची बाजू घेणारच, हे धरूनही एक गोष्ट उरते. संभाजीराजांनी बाळाजींच्या दुसऱ्या मुलाला, खंडो बल्लाळाला, जवळ केले आणि चिटणिशी त्याला दिली. आणि ज्याचा बाप आणि भाऊ या राजाने मारले, तो खंडो बल्लाळ त्या राजाशी आणि पुढे राजारामाशी जन्मभर एकनिष्ठ राहिला. जिंजीच्या वेढ्यातून राजाराममहाराजांना सोडवण्यासाठी शिर्क्यांना आपले वतन लिहून देणारा तो हाच.

मी कामगार चळवळीतला माणूस. न्याय आधी, निष्ठा मागून, असे आम्ही घोकत आलो. खंडो बल्लाळाचे वागणे मला त्या हिशेबात बसवता येत नाही. मी पुष्कळदा प्रयत्न केला आहे.

शेवटी १३ नोव्हेंबर १६८१ ला संभाजीराजे पाच्छापुरी आले आणि अकबराची व दुर्गादासाची भेट झाली. तोवर औरंगजेब अजमेर सोडून दक्षिणेकडे निघाला होता. मुलाला आणि मराठ्यांना एकत्र होऊ द्यायचे नाही म्हणून तो आला, आणि पुढे पंचवीस वर्षे इथेच अडकला. उत्तरेत परत गेलाच नाही.

आता ते तिसरे पत्र, जे मला सर्वांत आवडते. बादशहा दक्षिणेत उतरला म्हणजे उत्तर मोकळी झाली. तिथे कोणी उठाव केला तर? पाच्छापूरच्या मसलतीतून एक नाव पुढे आले, अंबरचा राजा रामसिंह. मिर्झाराजे जयसिंहांचा मुलगा. १६६६ साली आग्र्याला शिवाजीमहाराज आणि नऊ वर्षांचे संभाजीराजे याच रामसिंहाच्या देखरेखीखाली होते. महाराजांचा जामीन तोच होता. महाराज निसटले तेव्हा बादशहाचा राग रामसिंहावर कोसळला, दरबार बंद झाला, पुढे त्याला आसामच्या मोहिमेवर दूर धाडले. त्या रामसिंहाला संभाजीराजांनी पत्र लिहिले. अकबरानेही आपली वेगळी पत्रे लिहिली. अकबराची फारसीत. संभाजीराजांचे संस्कृतात.

संस्कृतात का? संभाजीराजे संस्कृताचे जाणकार होते, बुधभूषण हा ग्रंथ त्यांच्या नावावर आहे, हे खरे. पण मला वाटते यात आणखी एक हेतू असावा. बादशाही ठाण्यांवरून जाणारे फारसी पत्र कोणताही मुन्शी वाचणार. मराठी मोडी रामसिंहाकडे कोण वाचणार? संस्कृत मात्र अंबरच्या दरबारी पंडिताला सहज, आणि वाटेवरच्या ठाणेदाराला एखाद्या शास्त्र्याचे पोथीतले पान वाटावे असे. वेगळी सांकेतिक लिपी करण्याची गरजच नाही. शिवाय त्या भाषेत एक आवाहनही होते, की आपण एका परंपरेचे आहोत.

पत्राचा आशय थोडक्यात असा. आम्ही अकबर आणि दुर्गादास यांना आमच्या राज्यात ठेवून घेतले आहे आणि धाडसाला हात घातला आहे. बादशहाला वाटते की आपण सारे निःसत्त्व झालो. तुम्ही तिकडून हालचाल करा. इराणच्या शहानेही अकबराला मदतीचे बोलणे लावले आहे, पण त्याला तख्तावर बसवण्याचे श्रेय परक्याकडे का जावे? ते तुमच्या-आमच्या हातून व्हावे. यात एक गोष्ट लक्षात घ्या. धर्माची भाषा आहे, आणि ती भाषा वापरून मागणी कशाची आहे? एका मुसलमान शाहजाद्याला दिल्लीच्या तख्तावर बसवण्याची. आजकाल जे लोक या काळाचे सरळ दोन तुकडे करून दाखवतात, त्यांनी हे पत्र एकदा समोर ठेवावे.

रामसिंह उठला नाही. तो बादशहाचा मनसबदार होता आणि १६८८ साली त्याच चाकरीत वारला. भित्रा म्हणायचे का त्याला? तो आग्र्याला एकदा जामीन राहून होरपळला होता, त्याचा तरुण मुलगाही १६८२ साली मरण पावला. पण हे पत्र पुढे जयपूरच्या दप्तरात सापडले. असे पत्र हाती येताच बादशहाकडे पाठवून देणे हे मनसबदाराचे कर्तव्य होते, आणि जाळून टाकणे हे शहाणपण. ते जपून राहिले. उत्तर न देता कागद जपून ठेवणारी माणसे मी माझ्या चळवळीतही पाहिली आहेत. ती मोर्चात येत नाहीत, पण पोलिसांना नावही सांगत नाहीत.

पुढचे भराभर सांगतो. अकबर कंटाळला. तो गोव्याच्या बाजूला डिचोलीकडे जाऊन राहिला, जहाजात बसून निघायच्या तयारीला लागला, तेव्हा कवी कलश आणि दुर्गादासाने त्याला परत वळवले. १६८६ साली त्याने चाकणकडून उत्तरेत घुसायचा प्रयत्न केला, तो फसला. १६८७ च्या फेब्रुवारीत राजापुराहून एका इंग्रज कप्तानाच्या जहाजातून तो इराणला गेला, आणि बापाच्या आधीच तिकडे वारला. बापाला लिहिलेले त्याचे एक लांबलचक पत्र शिल्लक आहे. त्यात तो बापाला विचारतो, की तुम्हीही तुमच्या बापाविरुद्ध उठलाच होता ना? आणि राजपुतांच्या इमानाबद्दल त्याने त्यात जे लिहिले आहे ते अनुभवाचे आहे. संभाजीराजे फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी पकडले गेले. त्यांचे हाल तुम्हांला माहीत आहेत. मी ते इथे सांगणार नाही. कवी कलश त्यांच्याबरोबर त्याच मरणाने गेला.

दुर्गादास मारवाडात परतला. अकबर दक्षिणेकडे येताना त्याचा मुलगा बुलंद अख्तर आणि मुलगी सफियतुन्निसा राठोडांकडे राहिली होती. दुर्गादासाने ती वाढवली. सतत पळापळ, वाळवंट, डोंगर. पण मुले वाढली. सोळाशे शहाण्णव साली त्याने मुलीला तिच्या आजोबाकडे, म्हणजे औरंगजेबाकडे, सन्मानाने परत पाठवले. मधे बोलणी करणारा ईश्वरदास नागर हा इतिहासकारच होता. म्हाताऱ्या बादशहाला वाटले, काफरांत वाढलेली पोर, हिला धर्माचे काय येणार? तिला शिकवायची व्यवस्था करा, असे तो म्हणाला. तेव्हा मुलीने सांगितले, दुर्गादासांनी अजमेरहून माझ्यासाठी शिकवणारी बाई ठेवली होती, मला कुराण पाठ आहे. दोन वर्षांनी मुलगाही परत गेला.

हे वाचल्यावर मी आबांकडे गेलो. पत्राचे खरे कळून तेव्हा अडीच वर्षे होऊन गेली होती. इतके दिवस पाय उचलला नव्हता. ते ओटीवर बसून तांदूळ निवडत होते. मी सगळे सांगितले. ते पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'दार वाजवायचं होतंस रे. मी उठलो असतो.' आणि सुपातले खडे बाजूला काढू लागले.

औरंगजेब १६०७... चुकलो, १७०७ साली गेला आणि अजितसिंहाने जोधपूर घेतले. ज्याच्या नावाने दुर्गादासाने आयुष्य काढले, त्या राजाचे पुढे त्याच्याशी पटले नाही. म्हाताऱ्याला मारवाड सोडावे लागले. १७१८ साली उज्जैनला क्षिप्रेच्या काठी तो वारला. तिथे त्याची छत्री आहे. पाच्छापुरात त्याच्या नावाचे काही मी पाहिलेले नाही. पालीहून वाहन मिळते. पावसाळ्यात जा, जूनच्या शेवटी. शाहजादा आला तेव्हा होता तसा पाऊस पडत असेल.